ताप उतरला, तरी १४ दिवसांच्या गोळ्या कशाला?

"डॉक्टर, ताप तर तिसऱ्या दिवशीच उतरला. मग या १४ दिवसांच्या गोळ्या कशाला?" व्हायव्हॅक्स जातीच्या मलेरियाचे पेशंट हा प्रश्न हमखास विचारतात. याचं पूर्ण उत्तर सापडायला शास्त्रज्ञांना जवळजवळ १०० वर्षं लागली.

१८८० साली अल्जेरियात लाव्हरान या फ्रेंच लष्करी डॉक्टरांना मलेरियाच्या रुग्णाच्या रक्तात हलणारा परजीवी दिसला. त्यानंतर पाच-सहा वर्षांत इटलीच्या कॅमिलो गोल्जी यांनी परजीवीचं आणि तापाचं वेळापत्रक ताडून पाहिलं. परजीवी लाल पेशीत वाढतो, एकाचे अनेक होतात, पेशी फुटते आणि नवे परजीवी दुसऱ्या पेशींत शिरतात. पेशी फुटतात तेव्हा थंडी वाजून ताप भरतो. एका जातीत हे चक्र ४८ तासांचं, म्हणून ताप एक दिवसाआड. दुसऱ्या जातीत ७२ तासांचं, म्हणून मधे दोन दिवस सोडून.

२० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादेत रोनाल्ड रॉस यांना रुग्णाचं रक्त प्यायलेल्या डासाच्या जठराच्या भिंतीवर हा परजीवी सापडला. पुढच्या वर्षी इटलीत ग्रासी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माणसाच्या मलेरियाचं चक्र ॲनॉफिलीस डासात पूर्ण होतं हे दाखवून दिलं.

तरीही हिशेब जुळेना. डास चावल्यावर ताप यायला साधारण दहा-पंधरा दिवस लागतात. तोवर परजीवी असतो कुठे? दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ऑस्ट्रेलियात फेअर्ली यांनी स्वयंसेवकांवर प्रयोग केले. डास चावल्यानंतर अर्ध्या तासाच्या आत काढलेल्या रक्तातून दुसऱ्याला मलेरिया होत होता. त्यानंतर काही दिवस मात्र होत नव्हता. म्हणजे परजीवी रक्तातून निघून कुठेतरी लपत होता. १९४८ मध्ये लंडनमध्ये शॉर्ट आणि गार्नहॅम यांना ती जागा सापडली: यकृत, म्हणजे लिव्हर. पुढे १९८० च्या सुमारास क्रोटोस्की आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की काही परजीवी तिथे अक्षरशः झोपून राहतात आणि काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी जागे होतात.

आता तुमच्या गोळ्यांकडे वळू. क्लोरोक्विन रक्तातले परजीवी मारतं, म्हणून ताप उतरतो. लिव्हरमध्ये झोपलेल्यांना त्याने काही होत नाही. त्यांच्यासाठी प्रायमाक्विन असतं, तेच १४ दिवस. चौथ्या-पाचव्या दिवशी ते सोडलं, तर नवा डास न चावताही ताप परत येऊ शकतो.

मात्र प्रायमाक्विन मनाने घेऊ नका. गरोदर स्त्रिया, तान्ही बाळं आणि जी-६-पीडी हे एन्झाइम कमी असलेल्या व्यक्तींना ते धोक्याचं ठरू शकतं. गोळ्या चालू असताना लघवी गडद, कोलासारखी झाली, तर गोळी थांबवून लगेच डॉक्टरांना दाखवा. तसं काही नसेल, तर कोर्स पूर्ण करा. ताप गेला म्हणजे मलेरिया गेला असं नाही.