दारावरची पत्र्याची पाटी

स्कॉटलंडमध्ये एकमेकांच्या नात्यात नसलेली तीन किंवा जास्त माणसं एक घर वाटून राहणार असतील, तर घरमालकाला पालिकेचा परवाना काढावा लागतो. शिकायला गेलेल्या आपल्या मुलांना हे ठाऊक असतं. त्याच्या आधीची गोष्ट मात्र फारशी कुणी सांगत नाही.

ग्लासगोत १८६२ च्या पोलीस कायद्याने गरिबांच्या छोट्या घरांची, म्हणजे तीन खोल्यांपर्यंतच्या आणि २००० घनफुटांच्या आतल्या घरांची, मापं घेतली. दारावर पत्र्याची पाटी ठोकली, तीवर आत किती माणसं झोपू शकतात तो आकडा. मोठ्या माणसाला ३०० घनफूट, आठ वर्षांखालच्या मुलाला निम्मे. (मास्तरकी सुटत नाही, म्हणून हिशेब करतो : दहा बाय दहाची दहा फूट उंच खोली घ्या. तीन मोठी माणसं झाली, की तान्हं मूलसुद्धा जास्तीचं!) निरीक्षक रात्री, माणसं निजल्यावर येत. जास्तीची माणसं कपाटात दडत, छपरावर चढत. सापडली तर कोर्ट आणि दंड, तोही बहुतेक राहणाऱ्यालाच. पण एकट्याला भाडं झेपत नव्हतं म्हणून तर त्याने पोटभाडेकरू ठेवलेला! मला हा उफराटा न्याय वाटतो.

मार्च १९९९ मध्ये ग्लासगोतच एका फ्लॅटला आग लागून दोन विद्यार्थी गेले. खिडक्यांना गज होते. २००० पासून असा परवाना देशभर सक्तीचा झाला. धुराची सूचना देणारी यंत्रं, बाहेर पडायची वाट, सगळं मालकाने बघायचं. खर्च शेवटी भाड्यात चढतो अशी कुरकुर असते, चढतही असेल. विनापरवाना घर दिलं तर दंड मालकाला, ५०,००० पौंडांपर्यंत.