पाळी सुटल्यावर रेडिओ कोण लावतो?

१९७४ साली आयटीआय पूर्ण करून मी भोसरीच्या एका कारखान्यात शिकाऊ उमेदवार म्हणून लागलो. खोलीत आम्ही पाच जण आणि पाचांत मिळून एक ट्रान्झिस्टर. रात्रपाळी करून आलेल्याला झोप हवी असे, पहिल्या पाळीला निघणाऱ्याला गाणी. भांडण रोजचेच! अखेर आवाज बारीक ठेवायचा, असा तह झाला. रेडिओ बंदच करू, असे मात्र कुणीही म्हटले नाही.

गेल्या दिवाळीनंतर भावाच्या नातवाला भेटायला चाकणला गेलो. त्याच्या खोलीत चार मुले होती. हा बीडचा, एक चंद्रपूरचा आणि दोघे बिहारचे. चौघांच्या कानांत इयरफोन. "रेडिओ ऐकता का रे?" मी विचारले. नातू सहज म्हणाला, "आजोबा, त्यात आमच्यासाठी काय असतं?"

हा प्रश्न आकाशवाणीला पूर्वीही एकदा पडला होता. १९५२ मध्ये बा. वि. केसकर नभोवाणीमंत्री झाले. त्यांनी शास्त्रीय संगीताला मोठा आधार दिला, हे ऋण मानलेच पाहिजे. पण त्याच काळात आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार झाली. तरुणांनी काय केले? त्यांनी काटा फिरवून रेडिओ सिलोन लावले. ३ डिसेंबर १९५२ रोजी तेथे 'बिनाका गीतमाला' सुरू झाली आणि अमीन सयानींचा आवाज घरोघरी पोहोचला. तरुणांना काय आवडायला हवे, हे आकाशवाणी ठरवत होती. सिलोन त्यांची पत्रे वाचत होते. फरक एवढाच होता.

चूक उमगायला पाच वर्षे लागली. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू झाली. तिच्यावरील 'जयमाला' हा कार्यक्रम खास जवानांसाठी होता. घरापासून दूर असलेल्या माणसाला आपले नाव आणि आपल्या आवडीचे गाणे रेडिओवर ऐकू आले की काय वाटते, हे त्या कार्यक्रमाने ओळखले. मुंबई केंद्राच्या 'कामगार सभे'नेही श्रमिकांना असेच आपलेसे केले. पुढे २१ जुलै १९६९ रोजी दिल्लीहून 'युववाणी' सुरू झाली, नंतर ती इतर केंद्रांवरही गेली. तिने आणखी एक पाऊल टाकले. तरुणांसाठी बोलण्याऐवजी तरुणांनाच माईकसमोर बसवले. पुणे विद्यापीठाच्या 'विद्यावाणी'ने २००५ पासून विद्यार्थ्यांना अशीच संधी दिली.

आता आपल्या पट्ट्याकडे पाहा. १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली आणि पिंपरी-चिंचवड-भोसरीचे माळ कारखान्यांनी भरले. पुढे कांद्याच्या बाजाराचे चाकणही मोटारींचे गाव झाले. आमच्या वेळी मराठवाडा, खानदेश, कोकणातून मुले येत. आज बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशातूनही येतात. घरापासून दूर, पाळीच्या घड्याळावर चालणारे हे तरुण त्या जवानांहून फार वेगळे आहेत काय?

गाणी त्यांच्या मोबाइलवर हवी तितकी आहेत. गाण्यांच्या संख्येत रेडिओ जिंकणार नाही. पण नाशिक रस्त्यावर आज कोंडी कुठे आहे, शिकाऊ उमेदवाराला विद्यावेतन किती मिळायला हवे, खोलीचे डिपॉझिट परत मिळत नसेल तर कुणाकडे जावे, हे त्यांना त्यांच्या भाषेत, पाळी सुटण्याच्या वेळी कोण सांगते? खासगी एफएम केंद्रांना स्वतःच्या बातम्या देण्याची मुभा नाही, तेव्हा ही जबाबदारी आकाशवाणीवर अधिक येते. अर्धा तास द्यावा, मोबाइलवरून त्यांचे निरोप मागवावेत आणि निवेदनाला त्यांच्यातलाच एखादा मुलगा, एखादी मुलगी बसवावी.

या भाषणाचे ठरल्यावर मी नातवाला फोन केला. त्याला आनंद झाला. "किती वाजता आहे?" त्याने विचारले. मी वेळ सांगितली. थोडे थांबून तो म्हणाला, "आजोबा, तेव्हा मी पाळीवर असणार."

(रेडिओवरील भाषणाचा संपादित अंश)