नियम कोणासाठी?

मुलाचे नाव शाळेत घालताना पालकांच्या हाती नियमपत्रिका येते. वेळेवर यावे, गैरहजर राहू नये, शांतता पाळावी! या पत्रिकेचे कुळ बरेच जुने आहे.

१६७९ साली फ्रान्समधील रेंस शहरात गरीब मुलांसाठी एक शाळा निघाली. तिला आधार देणारे धर्मगुरू संत जाँ-बाप्तिस्त द ला साल यांनी पुढे आपल्या शिक्षक-बंधूंच्या अनुभवातून शाळेचे नियम लिहून काढले. १७०६ सालचे ते हस्तलिखित त्यांच्या निधनानंतर, १७२० साली छापून प्रसिद्ध झाले.

प्रवेशाच्या वेळी घरची चौकशी, वर्गातच न्याहारी आणि त्या निमित्ताने शिष्टाचाराचे धडे, असे पुष्कळ बारकावे त्यात आहेत. वाचनाचा आरंभ लॅटिनऐवजी फ्रेंचमधून. कारण लवकर कामाला लागणाऱ्या मुलाला मातृभाषाच उपयोगी.

मात्र खरी कसोटी शिक्षकाची होती. त्याने फी घ्यायची नाही, भेटवस्तू स्वीकारायची नाही. मूल गैरहजर राहू लागले, तर पालकांप्रमाणेच स्वतःचाही दोष शोधायचा. या मोफत शिक्षणाची किंमतही मोजावी लागली. ऐपतदारांची मुलेही तेथे फुकट शिकतात म्हणून पॅरिसच्या लेखनशिक्षकांनी १७०४ च्या सुमारास खटले भरले.

१९५० साली पोप पायस बारावे यांनी ला साल यांना शिक्षकांचे आश्रयदाते संत म्हणून घोषित केले. आपल्या शाळांच्या नियमपत्रिकेत शिक्षकासाठी किती कलमे आहेत, हे पालकांनी व चालकांनी एकदा मोजून पाहावे.