स्वतंत्र प्रक्रिया (संगणकशास्त्र)

चालू प्रोग्रॅमने दुसरा प्रोग्रॅम असा सुरू करणे, की पहिला बंद पडला तरी दुसरा चालत राहावा. वरवर हे एका आज्ञेचे काम वाटते. पण सुरू करणे वेगळे आणि मोकळे करणे वेगळे, आणि बहुतेक घोटाळे दुसऱ्याकडे दुर्लक्ष झाल्याने होतात. समजा, वरणगावातल्या एका विद्यार्थ्याने एसएसएचने पुण्याच्या आयसर संस्थेतील ‘परम ब्रह्म’ या महासंगणकात शिरून शेलमधून मोठे गणित लावले आणि मध्येच नेट गेले. गणित थांबते. जनक प्रक्रिया संपली की अपत्यही संपते, असा यावरून समज होतो. तो चुकीचा आहे. युनिक्समध्ये पोरकी प्रक्रिया सहसा १ क्रमांकाच्या प्रक्रियेकडे जाते आणि चालत राहते. तिला थांबवतो तो टर्मिनल तुटल्यावर येणारा ‘सिगहप’ संकेत. म्हणून तिथे ‘फोर्क’ने प्रत काढायची, ‘सेटसिड’ने नवे सत्र उघडून टर्मिनलशी नाते तोडायचे, इनपुट-आउटपुट फाइलकडे वळवायचे आणि मग ‘एक्झेक’ने नवा प्रोग्रॅम चढवायचा.

विंडोजचे ‘क्रिएटप्रोसेस’ हे सारे एकाच हाकेत मागते. ‘डिटॅच्ड’ खूण दिली की अपत्याला जनकाचा कन्सोल मिळत नाही. पण जनक एखाद्या ‘जॉब’मध्ये, म्हणजे प्रक्रियांच्या गटात, असेल आणि जॉब बंद होताच आतले सगळे संपवायचे अशी अट असेल, तर अपत्यही जाते. त्यातून सुटायला जॉबचीच परवानगी लागते.

युनिक्सवर सिगहपकडे दुर्लक्ष करायला लावणारी ‘नोहप’ आज्ञा लावली की झाले, असे जाणकार म्हणतात, आणि अनेक यंत्रांवर ते खरेही आहे. पण २०१६ मध्ये लिनक्सवरील व्यवस्थापक सिस्टमडीच्या २३०व्या आवृत्तीने लॉगआउट होताच वापरकर्त्याच्या उरलेल्या प्रक्रिया संपवणे हा मूळ पर्याय केला. काही वितरणांनी तो बदलला, तरी मुद्दा उरतोच: स्वतः तोडलेले नाते टिकेल की नाही, हे यंत्राचा व्यवस्थापक ठरवतो. म्हणून लांबणारे काम व्यवस्थेतल्याच कारभाऱ्याकडे सोपवणे बरे: लिनक्सवर सिस्टमडी, मॅकवर लाँचडी, विंडोजवर टास्क शेड्यूलर. महासंगणकावर ‘एसबॅच’ने काम स्लर्म या काम-नियोजकाच्या रांगेत टाकले, की ते गणन-नोडवरचा स्लर्मचा डीमन सुरू करतो, वरणगावचे नेट असो वा नसो. प्रत्येक प्रणालीसाठी वेगळा कोड लिहावा लागतो, हा आक्षेप खरा आहे. पण तो सेटसिड आणि डिटॅच्डसाठीही लिहावाच लागतो, आणि तिथे प्रक्रिया अपयशी ठरली तर तिचा निकाल विचारणारा कोणी उरत नाही.