नर्मदेपलीकडची कुमक

यशवंतराव होळकर म्हटले की आपल्याला हडपसरची लढाई, नाहीतर इंग्रजांशी दिलेली झुंज आठवते. त्याआधी १८०१ साली आपल्या इंदूर-उज्जैनच्या मातीत जी लढाई झाली, तिच्याबद्दल आपण फारसे बोलत नाही. तिच्यात दोन्हीकडे मराठेच होते.

दौलतराव शिंदे तेव्हा दक्षिणेतून येऊन बऱ्हाणपुरास होते. होळकरांचा रोख उज्जैनवर आहे हे कळताच त्यांनी पलटणी तुकड्या-तुकड्यांनी पुढे धाडल्या. हेसिंग उज्जैनला पोहोचला, मॅकिंटायर नेवरीपाशी होता, तर ब्राउनरिग तोफखाना घेऊन सातवासच्या बाजूला. कागदावर एक फौज, पण मधे नर्मदा आणि भर पावसाळ्यातली माळव्याची काळी माती. रस्त्याच्या कामावर ज्याने एखादा जुलै काढला आहे, त्याला या मातीत रुतलेले चाक काय असते ते सांगायला नको. तोफा ओढणाऱ्या बैलांची कल्पनाच करावी! निरोप जायचा तो जासुदाच्या पायांनी किंवा सांडणीस्वाराबरोबर. नदीला पूर आला की तोही नावेची वाट बघत काठावर.

यशवंतरावांनी हे बरोबर हेरले. त्यांच्या घोडदळाला ना जड तोफांची वाट बघायची होती, ना कोणाचा हुकूम यायचा होता. मॅकिंटायरला शस्त्रे खाली ठेवावी लागली, आणि जुलैत उज्जैनला हेसिंगचा पुरता मोड झाला. ब्राउनरिगने मात्र दाद दिली नाही.

पण चपळ फौजेलाही पोट असते. त्या काळी दाणागल्ला बंजाऱ्यांचे तांडे बैलांवर लादून आणत. ते व्यापारी; छावणीच्या बाजारात रोख देईल त्याला धान्य विकत. यशवंतरावांच्या गाठीला भरलेली तिजोरी नव्हती, त्यामुळे शिपायांचा पगार शेवटी उज्जैनच्या सावकार-व्यापाऱ्यांकडून खंडणीच्या रूपाने वसूल झाला. माझ्या मते त्या मोहिमेची खरी कमजोरी इथे होती: जिंकलेले शहर पिळल्याशिवाय पुढची मजल मारता येत नव्हती.

पाऊस ओसरला, वाटा वाळल्या, आणि शिंद्यांची विखुरलेली ताकद एकत्र आली. ऑक्टोबरात इंदूरपाशी सदर्लंडच्या पलटणींपुढे होळकरांचा पराभव झाला. उज्जैनचा वचपा म्हणून सर्जेराव घाटग्यांनी इंदूर लुटले. दोन्ही शहरांत दुकाने फुटली ती ज्यांचा या भांडणाशी काही संबंध नव्हता त्यांची. पुढच्याच वर्षी यशवंतराव पुण्यावर चालून गेले, आणि ३१ डिसेंबर १८०२ रोजी बाजीरावांनी वसईला इंग्रजांशी तह केला.