मालिकेतला वकील आणि आपला वकील

बोरगाव मेघेहून आम्ही गटातल्या बाया बोलतो आहोत.

आमच्यातली एक ताई पोटगीच्या पहिल्या तारखेला वर्ध्याच्या कोर्टात गेली आणि रडवेली होऊन परतली. म्हणाली, "वकील तं काही बोललाच नाही बाप्पा! कागद दिला, तारीख घेतली, झालं. असा वकील काय कामाचा? केस मागं घेतो मी." आम्ही विचारलं, त्यानं काय करायला पाहिजे होतं? तर म्हणाली, टीव्हीतला करतो तसं. मग आम्ही ठरवलं, हा टीव्हीतला वकील आला तरी कुठून, ते पाहू.

२०१० साली सोनी वाहिनीवर 'अदालत' ही मालिका सुरू झाली. त्यातला वकील के. डी. पाठक स्वतःच पुरावे शोधायचा, भर कोर्टात खरा गुन्हेगार पकडायचा आणि एकदोन भागांत निकाल लागायचा. त्याआधी कितीतरी वर्षं हिंदी सिनेमानं आपल्याला हेच दाखवलं होतं. हातोडी आपटणारा न्यायाधीश, गीतेवर हात ठेवणारा साक्षीदार, शेवटच्या घटकेला धावत येणारा पुरावा.

खऱ्या कोर्टात यातलं काय असतं? आपले न्यायाधीश हातोडी आपटत नाहीत. शपथेचा कायदा १९६९ चा आहे. त्यात धर्मग्रंथ हातात घ्यायची गरज नाही. देवाची शपथ घ्या, नाहीतर नुसतं खरं बोलण्याचं वचन द्या. फौजदारी खटल्यात पोलिसांच्या कागदांच्या नकला आरोपीला आधीच मिळतात. वकिलाचं निम्मं काम कोर्टाबाहेर, कागद जुळवण्यात होतं.

आपल्या मराठीत मात्र दोन कलाकृती अशा झाल्या, की त्यांनी कोर्टाचं वेगळं रूप दाखवलं. १९६७ साली विजय तेंडुलकरांचं 'शांतता! कोर्ट चालू आहे' आलं. त्यातलं कोर्ट लुटुपुटूचं, पण त्या खेळात एका बाईच्या खासगी आयुष्याची जी चिरफाड होते, ती कोर्टाची पायरी चढलेल्या कितीतरी बायांना ओळखीची वाटेल. २०१४ साली चैतन्य ताम्हाणे यांचा 'कोर्ट' सिनेमा आला आणि त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्यातल्या लोकशाहिराचं काम नागपूरच्या वीरा साथीदारांनी केलं. त्यातली सरकारी वकील बाई कोर्टात संथपणे कलमं वाचते, मग लोकलनं घरी जाते आणि स्वयंपाकाला लागते. तारखा पडत राहतात. असंच असतं खरं कोर्ट.

आणि न बोललेल्या वकिलाचं म्हणाल, तर एक गोष्ट आपल्या शेजारचीच आहे. १९३६ पासून सेवाग्रामला राहिलेले गांधीजी मुळात बॅरिस्टर. १८९१ साली विलायतेहून परतल्यावर मुंबईच्या लघुवाद न्यायालयात पहिल्याच खटल्यात ते उलटतपासणीला उभे राहिले आणि त्यांना शब्दच फुटेना. फी परत करून ते निघाले. पुढे दक्षिण आफ्रिकेत दादा अब्दुल्लांच्या खटल्यात त्यांनी सगळे कागद बारकाईनं वाचले, दोन्ही पक्षांना लवादापुढं आणलं आणि तडजोड घडवली. भांडण मिटवणं हेच वकिलाचं खरं काम, हे त्यांना तिथं उमगलं. असला वकील मालिकेत चालायचा नाही!

वकील बाई तर कायद्यालाच चालत नव्हती. नाशिकला जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी १८९२ साली ऑक्सफर्डची कायद्याची परीक्षा देऊन आल्या, पण बाई म्हणून त्यांना वकिलीची सनद मिळेना. १९२३ च्या कायद्यानं ती अट गेली, तेव्हा कुठं बायांसाठी दार उघडलं. तीस वर्षं वाट पाहिली त्यांनी.

हे सगळं ऐकून ताई म्हणाली, "मंग माह्या वकिलानं दिला तो कागद कायचा होता?" विचारलं, तर ते उत्पन्नाचं शपथपत्र निघालं. सर्वोच्च न्यायालयानं २०२० साली सांगितलंय, पोटगीच्या प्रकरणात नवरा-बायको दोघांनीही आपली कमाई, मालमत्ता, खर्च शपथेवर लिहून द्यायचा. म्हणजे त्या दिवशी वकील गप्प होता, पण मुद्द्याचं काम झालं होतं.

म्हणून बायांनो, वकिलाचा आवाज मोजू नका. त्याला चार गोष्टी विचारा: आज काय झालं, पुढची तारीख कोणती, त्या दिवशी काय होणार, आणि मी कोणता कागद आणू? प्रत्येक कागदाची नक्कल स्वतःजवळ ठेवा. वकील परवडत नाही म्हणून घरी बसू नका. १९८७ च्या विधी सेवा कायद्यानं बाईला मोफत वकील मिळतो, तिची कमाई कितीही असो. वर्ध्याच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करा, नाहीतर १५१०० या नंबरावर फोन लावा.

आमच्या ताईनं केस मागं घेतली नाही. निकाल अजून यायचा आहे. पुढच्या तारखेला आमच्यातल्या दोघी तिच्यासोबत जाणार आहोत, डबा घेऊन. कारण मालिका अर्ध्या तासात संपते, कोर्टात दिवस जातो.