लॅब्राडूडल : संकरित कुत्र्याचे आरोग्य आणि वैशिष्ट्ये

मेटगळ्ळी (म्हैसूर) : लॅब्राडोर व पूडल यांच्या संकरातून जन्मणारा लॅब्राडूडल हा कुत्रा भारतातील शहरांतही पाळला जातो. तो शुद्ध जातीच्या कुत्र्यापेक्षा निरोगी असतो व त्याच्यामुळे अ‍ॅलर्जी होत नाही, असा समज आहे. संशोधनातून मात्र या समजाला पुष्टी मिळत नाही.

ऑस्ट्रेलियातील अंधांसाठीच्या मार्गदर्शक कुत्र्यांच्या संस्थेत वॉली कॉनरॉन यांनी १९८९ च्या सुमारास हा संकर घडवला. हवाई येथील एका दृष्टिहीन महिलेच्या पतीला कुत्र्यांची अ‍ॅलर्जी होती. जन्मलेल्या तीन पिल्लांपैकी केवळ एकाचाच त्याला त्रास झाला नाही. संकराचा गुण प्रत्येक पिल्लात उतरत नाही, हे तेव्हाच दिसून आले. अ‍ॅलर्जी निर्माण करणारी प्रथिने कुत्र्याची लाळ व त्वचेचा कोंडा यांतही असतात. त्यामुळे केस कमी गळले तरी धोका टळत नाही.

मोठ्या आकाराच्या लॅब्राडूडलचे वजन साधारणपणे २३ ते ३० किलो असते. तो बुद्धिमान, मनमिळाऊ व चपळ असतो. त्याला रोज भरपूर व्यायाम लागतो. खुब्याच्या सांध्याची सदोष वाढ आणि दृष्टिपटलाचा क्रमशः होणारा ऱ्हास हे विकार दोन्ही मूळ जातींत आढळतात. दृष्टिपटलाच्या विकाराचे एकच अप्रभावी जनुक माता व पिता दोघांकडे असल्यास प्रत्येक पिल्लाला तो विकार होण्याची शक्यता २५ टक्के असते. ब्रिटनच्या रॉयल व्हेटर्नरी कॉलेजच्या २०२४ मधील अभ्यासात लॅब्राडूडलसह तीन संकरांची ५७ विकारांबाबत मूळ जातींशी तुलना करण्यात आली. त्यांपैकी ८६.६ टक्के तुलनांमध्ये फरक आढळला नाही.

दाट, कुरळ्या केसांत गुंता होतो. लोंबत्या कानांत ओलावा राहून संसर्ग होतो. उष्ण व दमट हवामानात गोचीड आणि गोचीडजन्य ताप यांचाही धोका असतो. त्यामुळे नियमित विंचरणे, कान कोरडे ठेवणे व गोचीडनाशक औषध देणे आवश्यक ठरते.

देशातील २०१७ च्या श्वानपैदास व विक्री नियमांनुसार पैदासकाराने राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करणे बंधनकारक आहे. आठ आठवड्यांहून लहान पिल्लांच्या विक्रीस मनाई आहे. मेटगळ्ळीत असो वा मुंबईत, पिल्लू घेण्यापूर्वी नोंदणी प्रमाणपत्र आणि माता-पित्यांच्या सांधे, नेत्र व जनुकीय तपासणीचे अहवाल पाहणे हितावह ठरते.